सुभेदारांची पेन्शन

दापोलीला जुनी माणसं अजूनही 'कॅम्प दापोली' म्हणतात. इंग्रजी अमदानीत तिथे पलटणींची छावणी होती. पुढे पलटणी हलल्या, पण पेन्शन घेऊन घरी परतलेले सुभेदार, जमादार, हवालदार त्या परिसरात राहिले. मंडणगड, दापोली, महाड या पट्ट्यातल्या कितीतरी महार घरांत त्या काळी एक तरी पेन्शनर असे. अंगावर जुना फौजी कोट, घरात दोन-चार पुस्तकं आणि बोलण्यात वरिष्ठांसमोर ताठ उभं राहायची सवय, एवढं घेऊन ही माणसं गावी येत. गाव मात्र त्यांना वेशीबाहेरच ठेवी. ज्याने पलटणीत शेकडो शिपायांना हुकूम दिले, त्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नसे.

१८९४ च्या आसपास असाच एक सुभेदार बायकामुलांना घेऊन दापोलीला आला. नाव रामजी मालोजी सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. पेन्शन महिना पन्नास रुपये. बरोबर आलेल्या मुलांतलं सगळ्यांत धाकटं तीन वर्षांचं होतं, घरी त्याला भिवा म्हणत. हाच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाला. त्यामुळे रामजींची ओळख आज 'बाबासाहेबांचे वडील' अशी एका ओळीत संपते. चरित्रात पहिल्या प्रकरणात ते येतात, मुलाला अभ्यासाला बसवतात आणि थोड्या पानांनंतर मरण पावतात. या माणसाला एवढंच देणं हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. रामजी सुभेदारांचं आयुष्य त्यांच्या मुलाच्या प्रस्तावनेपुरतं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या फौजी महारांची एक अख्खी पिढी त्यांच्यात दिसते.

या घराण्याचं फौजेशी नातं जुनं होतं. रामजींचे वडील मालोजी शिपाई होते. कंपनी सरकारच्या सुरुवातीपासूनच आपल्या पूर्वजांनी वंशपरंपरागत काम सोडून पलटणीची नोकरी धरली, असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. गावकीची कामं, वेठ, बलुतं, मेलेली गुरं ओढणं यातून बाहेर पडायला त्या काळी फार थोडे रस्ते होते, आणि त्यांतला सगळ्यांत रुंद रस्ता पलटणीचा होता. भीमा नदीकाठी कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी लढलेल्या मुंबईच्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. तिथल्या जयस्तंभावर 'नाक' प्रत्ययाची त्यांची नावं आजही वाचता येतात.

रामजी सॅपर्स अँड मायनर्सच्या पलटणीत लागले. ही पलटण पूल बांधणारी, खंदक खणणारी, सुरुंग लावणारी. त्याच पलटणीत सुभेदार मेजर असलेले मुरबाडकर ठाणे जिल्ह्यातले सधन गृहस्थ होते. त्यांची मुलगी भीमाबाई रामजींना दिली. हे स्थळ मुरबाडकरांच्या घरात सगळ्यांना पसंत नव्हतं, कारण रामजींकडे तेव्हा नाव नव्हतं आणि पैसाही नव्हता. भीमाबाईंचे वडील आणि सहा चुलते सगळे फौजेत सुभेदार मेजर होते, असं चरित्रकार धनंजय कीर सांगतात. अशा माहेरची मुलगी साध्या शिपायाच्या घरी आली आणि अखेरपर्यंत मानाने राहिली.

रामजींना वर चढवलं ते शाळेने. फौजेत शिपायांच्या मुलांमुलींना शिकवण्याची सोय होती, हजेरीची सक्तीही होती. ब्राह्मणवस्तीतही मुलींच्या शिक्षणावर वाद झडत होते, त्या काळात पलटणीच्या लाइनीत महारांच्या मुली पाटीवर अक्षरं गिरवत होत्या. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात या लष्करी शाळांना जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही. रामजींनी पुण्यात शिक्षकाचं शिक्षण घेतलं, मग ते लष्करी शाळेत मास्तर झाले आणि पुढे हेडमास्तर. चौदा वर्षं त्यांनी ते काम केलं. या नोकरीत असतानाच महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचं चौदावं मूल जन्मलं. आधीची बरीच मुलं लहानपणीच गेली होती. मागे उरली ती बाळाराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मुली.

फौजी शिस्त आणि भक्ती या दोन गोष्टी एकाच माणसात सहसा नांदत नाहीत असं आपण धरून चालतो. रामजींच्या घरी त्या एकाच दिनक्रमात बसल्या होत्या. त्यांचे वडील रामानंदी पंथाचे होते, रामजी स्वतः कबीरपंथी झाले. कबीरपंथात जातीला थारा नाही, मूर्तीपूजा नाही. ज्या माणसाला देवळाच्या पायरीवरही उभं राहू देत नसत, त्याला असा देव हवासा वाटावा यात नवल नाही. पण रामजींचं कबीराकडे जाणं केवळ देऊळ बंद म्हणून नव्हतं. पंथाचे ग्रंथ ते नेमाने वाचत. पहाटे भजन, संध्याकाळी पोथी, जेवणाआधी प्रार्थना, हा नेम त्यांनी महूत, दापोलीत, साताऱ्यात आणि परळच्या चाळीतही मोडला नाही. जोतीराव फुल्यांविषयी त्यांना आदर होता.

मूर्ती न मानणारे हे कबीरपंथी मुलांच्या हौसेखातर घरात गणपती मात्र बसवत. धाकट्या मुलाला ही विसंगती खटकायची आणि त्याने ती मोठेपणी लिहूनही ठेवली. मला त्या गणपतीत एक बाप दिसतो. शेजारच्या घरी आरत्या चालल्या असताना आपल्या पोरांनी कोरडं बसू नये एवढंच त्याला वाटलं असेल.

रामजी फौजेतून बाहेर पडत होते त्याच सुमारास त्यांच्या लोकांसाठी फौजेचा दरवाजा बंद झाला. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढवय्या जाती' आणि 'न लढणाऱ्या जाती' अशी वाटणी इंग्रजी फौजेत पक्की झाली. वायव्येकडचे लोक शूर, दक्षिणेकडचे नाहीत, असा तो हिशेब होता. १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. ज्यांचे आजे आणि बाप याच फौजेसाठी लढले होते त्या मुलांना सांगण्यात आलं की तुमची जात शिपाईगिरीची नाही. सैन्यातली जातवार फेररचना हे एक कारण होतं, आणि अस्पृश्य सुभेदाराच्या हाताखाली सवर्ण शिपाई नाखूश असतात हे दुसरं.

या निर्णयाने काय बुडालं ते पलटणीबाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. पगार गेला आणि पेन्शन गेली, हे दिसण्यासारखं होतं. पण त्याबरोबर शाळा गेली, गणवेश गेला, आणि जिथे महाराला 'सुभेदारसाहेब' म्हणून हाक मारली जात होती ती एकमेव जागाही गेली. शाळेने घडलेली पिढी म्हातारी होत होती आणि तिच्या मागे येणाऱ्या मुलांना पुन्हा गावकीकडे ढकललं जात होतं.

या पेन्शनरांनी मग लेखणी उचलली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९० मध्ये दापोलीत अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली आणि पुढे भरतीबंदीविरुद्ध सरकारकडे दाद मागणारा अर्ज तयार केला. रामजींनीही हा प्रश्न हाती घेतला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांकडे जाऊन त्यांनी सरकारला पाठवायचा अर्ज लिहून घेतला, असं कीर नमूद करतात. पेन्शनीत आलेला एक महार सुभेदार हायकोर्टाच्या न्यायमूर्तीच्या दारी जातो आणि आपल्या लोकांच्या नोकरीचा हक्क मागतो, ही घटना लहान नाही. त्यांची स्वतःची नोकरी तर पूर्ण झाली होती. पेन्शन पदरात पडली होती, ती कुणी काढून घेणार नव्हतं. ते गेले दुसऱ्यांच्या पोरांसाठी. अर्जाचा तेव्हा उपयोग झाला नाही.

दापोलीत कायमचं घर करायचा त्यांचा विचार होता, पण तो बदलला. मोठं कुटुंब पन्नास रुपयांत भागेना, म्हणून पुन्हा नोकरी शोधावी लागली. ती साताऱ्यात मिळाली आणि कुटुंब साताऱ्याला आलं. तिथे थोड्याच दिवसांत, १८९६ मध्ये, भीमाबाई वारल्या. भीमराव पाच वर्षांचे होते. घरात बाई म्हणून उरल्या त्या रामजींच्या बहीण मीराबाई. पाठीला बाक आलेल्या, नवऱ्याचं घर सुटलेल्या या बहिणीला रामजींनी आपल्याकडे आणलं होतं, आणि आता पोरक्या मुलांना तिनेच पोटाशी धरलं. सगळ्यांत मोठी मुलगी वारली तेव्हा तिचे दोन मुलगेही आजोबांच्याच घरात आले. पेन्शन तेवढीच राहिली आणि ताटं वाढत गेली. घरात येणाऱ्या कुणालाही रामजींनी परत पाठवल्याचं कुठे वाचायला मिळत नाही.

रामजींनी दुसरं लग्न केलं, जिजाबाईंशी. धाकट्या मुलाला ते सोसलं नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून तो आतून पेटला. बापाच्या पैशांवर जगायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत लागायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. मुंबईच्या भाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी लांबवायचा बेत केला. आत्या त्याच्याजवळच झोपायची. काही रात्री त्यात गेल्या. शेवटी पिशवी हाती लागली तर आत निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने शरमिंदा होऊन आपण अभ्यासाला लागलो असं बाबासाहेबांनी पुढे सांगितलं. लेकराचं दुःख खरं होतं आणि बापाची गरजही खरी होती. यात कुणा एकाला दोषी ठरवायला मी धजणार नाही.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी मुलाचं नाव घातलं गेलं. ते हायस्कूल आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखलं जातं आणि पटावर नोंद आहे भिवा रामजी आंबेडकर अशी. या दिवशी महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस पाळतात. शाळेत मुलाला वेगळं बसावं लागे, बसायला गोणपाट घरून न्यावं लागे, आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. न्हावी हात लावत नसे म्हणून बहीणच घराच्या ओट्यावर भावांचे केस कापायची. मुलाला रोज अशा शाळेत पाठवायचं आणि संध्याकाळी तो काय सोसून आला ते न विचारताही ओळखायचं, हे रामजींच्या वाट्याला आलेलं बापपण होतं.

१९०१ साली ते खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात माणसं हजारोंनी मरत होती. त्यांच्या हाताला काम द्यायला सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता आणि त्या मजुरीच्या रोकडीचा हिशेब रामजींच्या हाती होता. साताऱ्यात आत्या थकलेली, त्यामुळे पोरंच चूल पेटवत आणि सोपा पडतो म्हणून पुलाव शिजवत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना आपल्याकडे बोलावलं. मुलांचा आनंद गगनात मावेना. विलायती कापडाचे नवे सदरे शिवले, चमकदार टोप्या आणल्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं घेतली. वडिलांनी प्रवासाचा सगळा तपशील कळवला होता आणि कधी निघता ते लिहा, स्टेशनावर शिपाई पाठवतो, असंही सांगितलं होतं. मुलांनी तसं पत्र टाकलं. रामजींच्या नोकराने ते त्यांना दिलंच नाही.

पुढे मसूर स्टेशनावर काय घडलं ते बाबासाहेबांनी सविस्तर लिहिलं आहे. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, आणि जात कळताच तो मागे सरला. दुप्पट भाडं देऊनही गाडी मुलांनाच हाकावी लागली आणि गाडीवान शेजारून चालत राहिला. बरोबर डबा होता पण प्यायला पाणी नव्हतं, म्हणून रात्र उपाशी आणि तहानलेली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मुलं गोरेगावला पोचली तेव्हा वडील चकित झाले, कारण त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. या प्रसंगावर लिहिणारे बहुतेक जण मुलाची जखम दाखवून थांबतात. दुष्काळाच्या कामावर बसलेल्या त्या सुभेदाराचं मन त्या दुपारी कसं झालं असेल हेही लक्षात घ्यायला हवं. पोरांना सदरे शिवता आले, रेल्वेचं भाडं देता आलं, बोलावूनही घेता आलं. वाटेत पाण्याचा घोट मिळवून देणं मात्र सुभेदाराच्या हाती नव्हतं.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. परळला डबक चाळीत एक खोली मिळाली. खोलीत चूल, जळण, भांडी, जातं आणि सगळी माणसं. तिथेच शेळीही बांधलेली असे. या खोलीत अभ्यास कसा करायचा? रामजींनी पलटणीतल्या पहाऱ्यासारखी पाळी लावली. संध्याकाळी मुलाने लवकर झोपायचं. वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागं राहायचं, मग त्याला उठवायचं आणि रिकाम्या झालेल्या जागेवर आपण अंग टाकायचं. शेळी उशाशी, जातं पायाशी, आणि मधे मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात मुलगा पुस्तक घेऊन बसलेला. साठीकडे झुकलेल्या माणसाने ही पाळी वर्षानुवर्षं निभावली.

मुलाला पुस्तकांचं वेड लागलं होतं. अभ्यासाची पुस्तकं वेगळी, अवांतर वेगळी. रामजी नको म्हणत नसत. खिशात पैसे नसले की ते डोक्याला पागोटं गुंडाळून निघत. आधी मुंबईतच दिलेल्या धाकट्या मुलीच्या घरी जायचं. तिच्याकडे तीन-चार रुपये निघाले तर ठीक, नाहीतर तिच्याहून मोठ्या बहिणीच्या घरी. तिथेही रोकड नसली तर तिने अंगावरचा एखादा दागिना उतरवून बापाच्या हाती द्यायचा. तो दागिना बहुधा बापानेच लग्नात घातलेला असे. मग मारवाड्याकडे जाऊन तो गहाण ठेवायचा, पुस्तक आणायचं, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत करायचा. या दृश्यात तीन माणसं उदार आहेत. बाप आहेच, आणि दोन लेकीही. सासरी नांदणाऱ्या मुलीने अंगावरचा दागिना भावाच्या पुस्तकासाठी काढून देणं सोपं नसतं, सासरच्यांना तोंड तिलाच द्यावं लागतं.

किंमत आणखी एकाने मोजली. दोन मुलांना एकदम हायस्कुलात शिकवण्याइतका पैसा घरात नव्हता, म्हणून आनंदरावांना शाळा सोडून रेल्वेच्या कारखान्यात कामाला जावं लागलं. रामजींनी निवड केली आणि ती धाकट्याच्या बाजूने केली. ही निवड करताना त्यांना काय वाटलं हे कुठे लिहिलेलं नाही. त्यागाच्या गोष्टी सांगताना आपण अशा भावांना वगळतो. ज्या पगारावर पुढे त्या घराची चूल पेटली त्यात आनंदरावांचाही पगार होता.

रामजी स्वतः शिकवत. तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतल्या. इंग्रजी वाक्याला नेमका मराठी शब्द आणि मराठीला नेमका इंग्रजी, हा त्यांचा आग्रह होता. आणि रात्री झोपण्याआधी पोथी. बहिणी, शेजारीपाजारी, कथा ऐकायला आलेली माणसं समोर बसायची आणि भीमराव व त्यांच्या भावाने रामायण-महाभारत वाचून दाखवायचं. वर्षानुवर्षं हा नेम चालला.

याच वाचनावरून बापलेकाचा खटका उडाला. भीमरावांना एका परीक्षेतल्या यशाबद्दल समाजाने सभा भरवून गौरवलं होतं. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारलं की ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी गाणारे आणि शूद्र-अतिशूद्रांना कमी लेखणारे ग्रंथ आम्ही का वाचायचे? वडील तेव्हा रागावले आणि मुलांनी सांगितलेलं ऐकावं असं म्हणून विषय संपवला. रोमन घरातल्या बापासारखा त्यांचा घरावर अधिकार होता, असं बाबासाहेब लिहितात. आई लवकर गेल्यामुळे मला एकट्यालाच त्यांच्याशी थोडं मोकळं बोलता यायचं, असंही ते सांगतात. काही दिवसांनी मुलाने पुन्हा विचारलं. या वेळी वडील उत्तर तयार ठेवून होते. आपण अस्पृश्य, त्यामुळे तुमच्या मनात न्यूनगंड येणं स्वाभाविक आहे, तो घालवायला हे ग्रंथ वाचा. द्रोण आणि कर्ण कुठून कुठे गेले ते पाहा, वाल्मीकी कोळी होता आणि त्याने रामायण रचलं, असा त्या उत्तराचा आशय होता.

मुलाचं त्याने समाधान झालं नाही आणि पुढचा सगळा इतिहास त्याला साक्षी आहे. तरीही हे उत्तर मला मोलाचं वाटतं. रामजी धर्मग्रंथ देवभोळेपणाने वाचत नव्हते. आपल्या पोरांना कणा मिळावा म्हणून ते पोथीतून माणसं निवडून काढत होते, आणि ती सगळी खालून वर आलेली. मुलाने त्या पोथ्या नाकारल्या. त्याआधी त्या त्याला तोंडपाठ होत्या, आणि ज्याने त्या पाठ करवल्या त्याच माणसाने त्याला प्रश्न विचारायची मुभाही दिली होती. संतवाणी तर त्या मुलाकडून कधी सुटलीच नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तो तुकोबांचा अभंग माथ्यावर घेऊन, आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाला ज्ञानेश्वरांच्या ओव्या घेऊन. संतांची ती संगत रामजींच्या पोथीवाचनातच जडली होती.

मॅट्रिक झालं, एल्फिन्स्टन कॉलेज सुरू झालं. लग्न झालं ते भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री, मोकळ्या पडलेल्या गाळ्यांत. वधू रमाबाई दापोलीकडच्याच, हमालीचं काम करणाऱ्या गरीब बापाची पोरकी लेक. कॉलेजचा खर्च पेन्शनीच्या आवाक्याबाहेर गेला तेव्हा केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना पंचवीस रुपये दिले. घर आता परळच्याच पोयबावाडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आलं होतं. मजुरांच्या गजबजाटात दोन खोल्या समोरासमोर होत्या, आणि त्यांतली एक अभ्यासाला सोडलेली.

बी. ए. झाल्यावर भीमराव बडोद्याच्या नोकरीवर जायला निघाले. रामजींना ते पसंत नव्हतं. तिथे मुलाचा अपमान होईल ही भीती त्यांना होती, आणि ती खोटी नव्हती हे पुढे १९१७ मध्ये बडोद्यातल्या अनुभवाने दाखवलं. मुलगा ऐकला नाही. जानेवारी १९१३ मध्ये तो गेला आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला तो खाली उतरला आणि गाडी सुटली. पुढच्या गाडीने मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचा जीव त्याच्यासाठीच अडकला होता. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळात प्राण सोडला. तारीख होती २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी जुलैत मुलगा बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. रामजींचं ते पाहायचं पाच महिन्यांनी राहून गेलं.

सुभेदारांचा अर्ज सरकारने तेव्हा मनावर घेतला नव्हता. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना बाबासाहेबांनी याच भागातल्या फौजी पेन्शनरांची, त्यांनी आणलेल्या जागृतीची आणि भरतीबंदीने झालेल्या नुकसानीची आठवण काढली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग जो समुदाय चवदार तळ्यावर गेला त्यात या पेन्शनरांची मुलं-नातवंडं होती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर रामजींचा मुलगा होता. रामजींनी रानड्यांकडून लिहून घेतलेल्या अर्जाला उत्तर मिळायला जवळजवळ अर्धशतक लागलं.

बडोद्याच्या महाराजांचे, केळुसकर गुरुजींचे, शाहू महाराजांचे उपकार आपण आठवतो आणि ते आठवायलाच हवेत. पण या सगळ्यांच्या आधी महिना पन्नास रुपयांतून पुस्तकाचे पैसे काढणारा एक सुभेदार होता, आणि रात्री दोनपर्यंत जागा राहणाराही तोच. मुलाला हे पक्कं ठाऊक होतं. लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. कुणा महाराजाला किंवा प्राध्यापकाला तो अर्पण केलेला नाही. आपल्या शिक्षणासाठी केलेल्या त्यागाबद्दल आणि दाखवलेल्या दूरदृष्टीबद्दल कृतज्ञता म्हणून तो आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे.